तुझ्या नातीच्या चित्राबद्दल

नाशिक,
श्रावण

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

फोटो मिळाले, पाचही. फोन करूनही भागलं असतं, पण जे सांगायचंय ते फोनवर मला नीट सांगता येणार नाही. मध्येच तू 'अरे, जाऊ दे रे' म्हणशील आणि मी जाऊ देईन. म्हणून कागद घेतला. चार दिवस पावसाची झड आहे. गंगापूर धरणातून पाणी सोडलंय, गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पूर लागलाय, त्यामुळे घाटावरची माझी बैठक बंद आणि हाताशी वेळच वेळ.

नात गोड आहे रे. तिसरा फोटो तर मी कितीदा उघडून पाहिला. हातात पोळीचा तुकडा धरून ती कुणाकडे तरी रागानं बघते आहे. डाव्या भुवईचं टोक वर गेलंय, ते थेट वहिनींचं. बाकीच्या चार फोटोंत ती कॅमेऱ्याकडे बघून हसते, आणि चारही वेळा हसू एकच आहे. त्यातल्या दोन फोटोंत फोननं तिचा गाल इतका गुळगुळीत करून टाकलाय की मला गालाचं हाड कुठे आहे तेच कळेना.

चित्र मी काढणार. आनंदानं काढणार, पैशाचं नावही काढू नकोस. पण तुझ्या मेसेजच्या शेवटी एक ओळ होती: 'सूनबाई म्हणते, रंग जरा उजळ घ्या.' त्या ओळीपाशी मी अडलोय. सूनबाईंवर राग नाही. त्यांच्या मनात लेकीबद्दल मायाच आहे, हे मला कळतं. पण मी ते करणार नाही, आणि का करणार नाही हे निदान तुला तरी कळावं.

गेल्या मार्गशीर्षात इथल्याच एका ओळखीच्या घरून मुलीच्या वाढदिवसासाठी चित्राची मागणी आली. मुलगी सात वर्षांची, सावळी, पुढचे दोन दात पडलेले. दोन बैठकांत काढलं आणि खरं सांगतो, साधलं होतं. वडील आले, बघितलं, म्हणाले, "सर, छानच आहे. फक्त जरा उजळ करा ना. कायमचं भिंतीवर राहणार." मी काही बोललो नाही. पांढरी कांडी घेतली, दोन्ही गालांवर आणि कपाळावर फिरवली, बोटानं पसरवली. दोन मिनिटांचं काम. तेवढ्यात गालाची गोलाई गेली, डोळे बाहेरून चिकटवल्यासारखे दिसायला लागले आणि खालच्या ओठाचा सुरेख जांभळट रंग लिपस्टिक लावल्यासारखा उठून आला. पोरगी शेजारीच उभी होती. माझ्या डब्यातली फिक्या गुलाबी रंगाची कांडी तिनं उचलली. सगळी मुलं तिला 'स्किन कलर' म्हणतात. ती तिनं आपल्या मनगटाला लावून पाहिली आणि मुकाट्यानं जागेवर ठेवून दिली. पैसे मी घेतले. ते घ्यायला नको होते, असं आजही वाटतं.

आठवतं, आपण चित्रकलेची इंटरमिजिएट परीक्षा एकाच वर्षी दिली? स्मरणचित्रात आठवडी बाजार आला होता. तू भोपळ्यांचा ढीग काय सुंदर काढला होतास! पण आपल्या दोघांच्याही बाजारातली माणसं गुलाबी होती. भाजीवाली गुलाबी, हमाल गुलाबी, उन्हात बसलेला चांभारही गुलाबी. आपल्या वाड्यात त्या रंगाचं एकही माणूस नव्हतं. तरी हात आपोआप तांबडा आणि पांढरा मिसळायचा. कुणी शिकवलं होतं, सांग? पंचवटीत जाऊन काळ्या पाषाणातल्या रामापुढे 'किती देखणं रूप' म्हणत हात जोडायचे आणि घरी येऊन पोरीच्या तोंडाला डाळीचं पीठ चोळायचं, हे मी माझ्याच आईला करताना पाहिलंय. ताईच्या लग्नाच्या आधी दोन वर्षं चाललं होतं ते. आणि मला शाळेत सगळे काय म्हणायचे ते तुला माहीत आहेच. तू कधी म्हटलं नाहीस. हे तुला आजवर बोलून दाखवलं नव्हतं.

त्या चित्रानंतर महिनाभर मी हाताला खडू लावला नाही. मग एका बुधवारी घाटावर बाजार भरला असताना फिरत फिरत गेलो. तिथे एक आजीबाई झेंडूच्या माळा आणि द्रोणातले दिवे विकायला बसतात. सोबत नऊ-दहा वर्षांची नात. आजीला विचारून तिचं चित्र काढायला बसलो. पांढऱ्या कार्ट्रिज कागदावर, नेहमीसारखा कोळसा घेऊन. तास गेला. आजींनी बघितलं आणि म्हणाल्या, "सर, आमची पोर अशी नाही ओ. ही तर ताप आल्यावानी दिसती."

इतकं खरं परीक्षण माझ्या चित्राचं आजवर कुणी केलं नसेल.

रात्रभर विचार केला. पांढऱ्या कागदावर सावळा चेहरा काढायचा म्हणजे पहिल्या रेघेपासून आपण कागद काळा करत असतो. तिचा स्वतःचा रंग कागदावर पडलेली सावली होऊन बसतो. मग हनुवटीखालची, नाकाच्या कडेची खरी सावली दाखवायला जागाच उरत नाही, म्हणून ती आणखी काळी करायची. शेवटी सगळा चेहरा राखेचा होतो. चूक कोळशाची नव्हती. उजेड म्हणजे पांढरा आणि त्यातून जेवढा कमी तेवढा सावळा, हा हिशेब कागद निवडतानाच झालेला होता.

पुढच्या बुधवारी वह्यांना घालायचा खाकी कागद फळीला लावून नेला. मित्रा, काय सांगू तुला! कागदच तिची कांती झाला. मला करायला दोनच गोष्टी उरल्या. सावली जिथे खरंच आहे तिथे कोळसा, उजेड जिथे खरंच पडलाय तिथे खडू. गालाचा मधला भाग मी हातही न लावता सोडून दिला. ती माळ ओवत होती. सुई झेंडूच्या देठातून काढताना जिभेचं टोक ओठांच्या कोपऱ्यात यायचं आणि दोरा ओढला की आत जायचं. नजर खाली, त्यामुळे डोळा म्हणजे वरच्या पापणीचा एक मोठा गोल उतार आणि त्याच्या काठावर पापण्यांची दाट काळी कड. ती कड एकदाच, जोर देऊन ओढली. पुन्हा तिथे गेलो नाही. मांडीवरच्या फुलांवर नऊचं ऊन होतं, त्याची केशरी झाक तिच्या हनुवटीच्या खाली, जिथे एरवी आपण डोळे झाकून काळं भरतो, तिथे उमटली होती. मी नारिंगी कांडीचा एक आडवा फराटा मारला. घाबरत मारला. आणि हनुवटी एकदम पुढे आली.

आजींनी बघितलं. काही बोलल्या नाहीत. पदरानं हात पुसून कागदाची कड धरली आणि शेजारच्या कुंकूवालीला बोलावून दाखवलं.

कोळशाचं सांगायचं राहिलं, त्यात तुला मजा वाटेल. बाजारात चित्रासाठी कोळसाकांडी मिळते ती विलो नावाच्या झाडाच्या डहाळीची. चांगली असते, दाट काळी. पण द्राक्षवेलीचाही कोळसा करतात, जुनी पद्धत आहे ती, आणि आपण नाशिकचे! मेहुण्यांचा दिंडोरीकडे बाग आहे. एप्रिलच्या खरड छाटणीला बांधावर काड्यांचे ढीग पडतात, त्यातल्या पेन्सिलीएवढ्या सरळ काड्या निवडून आणल्या. वाळवल्या, साल सोलली, वीतभर तुकडे केले, तारेनं जुड्या बांधल्या आणि तुपाच्या जुन्या डब्यात ठासून भरल्या. झाकणाला खिळ्यानं एक भोक. डबा चुलीत ठेवला. आधी भोकातून पांढरी वाफ येते, मग पिवळट धूर, मग तो धूर पेट घेतो आणि भोकावर ज्योत नाचते. ती विझली की डबा बाहेर काढायचा आणि पूर्ण गार होईपर्यंत उघडायचा नाही. पहिल्या खेपेला मी घाई केली. आत हवा शिरली आणि डोळ्यांसमोर सगळ्या काड्यांची राख झाली. दुसऱ्या खेपेला रात्रभर ठेवला. सकाळी काड्या एकमेकींवर आपटल्या तर काचेसारखा किणकिण आवाज.

हा कोळसा विलोपेक्षा करडा उमटतो, मऊ. लहान मुलांना तोच बरा, कारण त्यांच्या चेहऱ्यावर प्रत्येक ठाम रेघ वय वाढवते. नाकापासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत एक रेघ जरा दाबून ओढलीस की सहा वर्षांची पोर चाळीसची झाली म्हणून समज. वेलीचा कोळसा फडक्याच्या एका फटक्यानं निघून जातो, मागे नुसती धूसर खूण राहते, आणि कितीदा तरी ती खूणच हवी असते. दात तर मी मोजतच नाही. आतला अंधार काढायचा, दातांचा एकसंध फिका आकार सोडायचा, पडलेल्या दाताची खिडकी तेवढी दाखवायची.

रंगांचं म्हणशील तर फळ्यावरचे खडू चालत नाहीत, त्यांत रंग नावालाच. मुलांच्या दप्तरातले ऑइल पेस्टलही नकोत, त्या मेणावरून कोळसा घसरतो. सॉफ्ट पेस्टल हवेत, नुसती रंगाची पूड जेमतेम डिंकानं धरून ठेवलेली. आणि गेरू! तुळशीवृंदावनाला लावतो त्याच जातीचा लाल दगड युरोपातले थोर चित्रकार कांडीसारखा वापरत होते. रुबेन्सनं सुमारे १६१९ साली आपल्या तान्ह्या मुलाचं, निकोलासचं चित्र काढलं, गळ्यात पोवळ्यांची माळ घातलेलं. ते व्हिएन्नाच्या अल्बर्टिना संग्रहालयात आहे. काळा, लाल आणि पांढरा असे तीनच खडू. मी छापील प्रतच पाहिली आहे, पण त्या गालावरचा लाल खडू बघताना आपल्या अंगणातला गेरूच दिसतो मला. चौथ्या खडूची त्याला गरज पडली नाही.

आता तुझ्या नातीकडे येतो. तिच्यासाठी मी चहाच्या रंगाचा पेस्टल पेपर आणून ठेवलाय. खाकी कागद काही वर्षांनी ठिसूळ होतो, तिचं चित्र तिच्या नातवंडांनी बघायला हवं. गेरू आणि बर्न्ट सिएना, म्हणजे तांबूस तपकिरी, हे मुख्य. कानशिलाजवळ आणि जबड्याखाली थोडा निळसर हिरवा, सावळ्या कातडीत तो असतोच, नीट बघावं लागतं. कपाळावरच्या उजेडाला पांढरा लावणार नाही, यलो ऑकरची, म्हणजे मातकट पिवळ्याची, फिकी छटा लावीन. शुद्ध पांढरा फक्त दोन ठिकाणी, डोळ्यांतल्या चमकेला, आणि तोही टिंबाएवढा. तिचे डोळे तुला फार मोठे वाटतात ना? बुबुळ दुसऱ्या वर्षापर्यंतच जवळजवळ मोठ्या माणसाएवढं होतं, चेहरा मात्र सावकाश वाढत राहतो. म्हणून लहान मुलं आपल्याकडे अशी डोळेभरून बघतात. मी तिचे डोळे आहेत त्याहून मोठे करणार नाही, काळजी करू नकोस. कपाळ तेवढं मोकळं सोडायला हवं. घाईत मीही ते अजून कमी काढतो.

पण हे सगळं फोटोवरून नाही. फोटोत तिचा राग क्षणाचा आहे. तो कसा आला आणि कसा विरघळला हे बघितल्याशिवाय भुवईचं ते टोक मला काढता येणार नाही. समोर बसली तर तासाभरात ती दहा वेळा बदलेल, आणि त्या दहांतून एक चेहरा कागदावर उतरेल. आजवर ज्या मुलांना 'हस बघू' म्हटलं, त्यांतलं एकही चित्र मला ठेवावंसं वाटलं नाही.

तेव्हा दिवाळीत या. सगळेच या. तोवर ऑक्टोबरची छाटणी होऊन काड्याही वाळतील, तिच्यादेखत डबा चुलीत ठेवू आणि पहिली कांडी तिच्याच हातात देऊ. भिंत खराब झाली तर होऊ दे. येताना रोजचा फ्रॉक असू दे, पावडर लावू नका, केस चापून बांधू नका. पोळ्या इथे करू. फ्रेम मात्र तुझ्याकडे. साधी काचच घे, अ‍ॅक्रिलिक नको, ते रंगाची पूड ओढून घेतं. आणि मध्ये माउंट, म्हणजे जाड पुठ्ठ्याची चौकट, घालून घे, काच चित्राला टेकता कामा नये.

हे पत्र सूनबाईंना वाचून दाखव. त्या ओळीबद्दलचं काही गाळू नकोस. आणि चित्र काढत असताना त्या माझ्या मागे येऊन बसल्या तर मला फार बरं वाटेल.

वहिनींना नमस्कार. छोटीला पापा.

तुझाच