कुकर बघायला उठले, त्याबद्दल

खानापूर,
रविवार, दुपार

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

गणपतीला आलेलीस तेव्हा रात्री टीव्हीवर तो नॉर्वेचा सिनेमा लावलास, सिंड्रेलाच्या सावत्र बहिणीचा, ‘द अग्ली स्टेपसिस्टर’. मी मध्येच कुकर बघते म्हणून उठले. रात्री साडेदहाला कुठला कुकर! तू काही बोलली नाहीस, मीही नाही. मग पुण्याला पोचल्यावर तुझा मेसेज, की मावशी, सॉरी, ‘सावत्र’चं माझ्या लक्षातच आलं नाही, आणि हिमगौरीच्या मूळ गोष्टीत तिच्या जिवावर उठलेली बाई तिची सख्खी आईच होती, सावत्र नंतर केली.

तो मेसेज मी चार दिवस उघडून बघत होते.

सावत्र या शब्दाचं मला काही नाही की ग. तू सहा वर्षांची असताना या घरात आले, मावशी म्हणालीस, तेच राहिलं, छान आहे. अंगणवाडीत ध्रुवबाळाची गोष्ट सांगताना सुरुची आली की पोरांना न्यायला आलेल्या आया एकमेकींकडे बघतात. मी सुरुचीचा आवाज आणखी मोठा काढते.

तू म्हणालीस ते मी तपासून बघितलं. बरोबर आहे. जर्मनीच्या ग्रिम भावांच्या गोष्टींच्या १८१२च्या पहिल्या आवृत्तीत हिमगौरीला मारायला निघालेली तिची आईच आहे, १८१९ला तिची सावत्र आई झाली. हॅन्सेल-ग्रेटेलच्या आईला सावत्र व्हायला १८४० उजाडलं. आईपणाला डाग नको म्हणून आमच्या माथी मारलं, दुसरं काय. पण सिंड्रेलाच्या गोष्टीत एक जागा तशीच राहिली. ती बाई सावत्र आहे सिंड्रेलाला. बूट पायात जात नाही म्हणून सुरी देते ती मात्र पोटच्या पोरीच्या हातात. अंगठा काप म्हणते, राणी झाल्यावर तुला कुठं पायी चालायचंय. दुसरीला टाच कापायला लावते, तीही पोटचीच. फ्रान्सच्या पेरोनं १६९७ला लिहिलेल्या गोष्टीत हे काही नाही, तिथं काचेचा बूट आहे आणि शेवटी बहिणींना माफीसुद्धा. डिस्नेनं १९५०ला तीच गोष्ट घेतली, म्हणून आपल्या वाट्याला भोपळा आणि उंदीर आले.

पण ग्रिमच्या गोष्टीत सुद्धा रक्त बघत बसायला वेळ नाही. अंगठा कापला, पाय बुटात कोंबला, घोड्यावर बसली. बुटातून रक्त येतंय हे पाखरं सांगतात तेवढंच. माझ्या पोरांचंही तसंच. चिऊताईनं कावळ्याला तापल्या तव्यावर बसवलं हे मी एकदा मुद्दाम गाळलं, तर एक कन्नड पोरगं उठून म्हणालं, "अक्कोरू, भाजलं म्हणा की!" भाजलं म्हटल्यावर खाली बसलं. कावळ्याचं पुढं काय झालं, फोड आले का, हे आजवर एकानंही विचारलेलं नाही. पुण्यकोटी गाईच्या गोष्टीत शेवटी वाघ स्वतः उडी टाकून मरतो, तेव्हा तेवढी गप्प होतात. मग खाऊ मागतात.

सिनेमात तसं पुढं जाता येत नाही. तुला वाटलं मी ‘सावत्र’ला उठले, नाहीतर त्यातल्या अंगठ्याला. अंगठ्यापर्यंत मी पोचलेच नव्हते, सई. त्या पोरीला सुंदर करायला आई डॉक्टरकडे नेते आणि तो नाकावर छिन्नी ठेवतो ना, तिथं उठले.

तुझं नाक.

तू नऊ वर्षांची होतीस, श्रावण होता. सोनाराच्या दुकानात खाली बसून तुझं डोकं मी दोन्ही गुडघ्यांत धरलं. त्यानं तार आरपार काढली, वळवली आणि पकडीनं टोक दाबलं. तू ओरडली नाहीस. माझा पदर तोंडात धरलेलास, त्याला नंतर दातांची ओळ उमटलेली दिसली. चौथ्या दिवशी नाक टम्म झालं. हळद आणि खोबरेल लावत बसले, ताप चढला तेव्हा डॉक्टरकडे नेलं, त्यांनी तार कापून काढली आणि माझ्याकडे न बघता औषध लिहून दिलं. मागच्या गल्लीतली बाई म्हणाली, सावत्रच शेवटी. मी महिनाभर तिच्याशी बोलले नाही.

पण तिचं निम्मं बरोबर होतं. तुझ्या आत्याच्या लग्नात कुणीतरी म्हटलेलं, पोरीचं नाक भुंडं ठेवलंय, आई नाही ना तिला. ते मला लागलं. नाक राखायचं होतं माझं, टोचलं तुझं. आणि माझं डोकं ज्या बाईनं असंच गुडघ्यांत धरलं होतं ती तर माझी सख्खी आई. तिनंही कुणाचं तरी ऐकलेलंच असणार.

इतकी वर्षं ही गोष्ट मी ग्रिमसारखीच सांगत आले. नाक टोचलं, जरा पिकलं, बरं झालं. घोड्यावर बसली.

राहिलेला सिनेमा मी तू गेल्यावर बघितला, तुझे बाबा बेळगावला गेलेले त्या दिवशी. जंताचं मला जास्त झालं. बारीक व्हायला जंताचं अंडं गिळायचं म्हणजे काय, आणि पुढचं ते! दिग्दर्शिका बाईच आहे म्हणे, तिच्या आईनं तिला काय काय केलं असेल कोण जाणे. पण नाकाशी ती थांबते ते बरोबर थांबते. मागं तू हॅन्सेल-ग्रेटेल मोठे होऊन बंदुका घेऊन चेटकिणी मारत सुटतात तो दाखवलेलास, त्यात रक्त बादलीनं ओतलंय आणि एक जागा दुखत नाही. तो बघताना मी शेंगा सोलल्या होत्या, आठवतंय?

आणखी एक. बेळगावच्या लिंगराज कॉलेजात १९५०च्या दशकात कवी ए. के. रामानुजन शिकवायला होते, त्यांनी कन्नड लोककथा गोळा केल्या. त्यात आपल्याकडची सिंड्रेला आहे, हंची नावाची. हंचू म्हणजे कौल, तुला सांगायला नको. पोरीचे केस सोन्याचे, त्यावर सख्ख्या भावाचीच नजर फिरते, म्हणून आई तिला मातीचा मुखवटा चढवून घराबाहेर पाठवते. आपल्या खानापूरच्या मातीत असला मुखवटा एका दुपारी झाला असता. त्या आईनं पोरीला कापलं नाही, झाकलं. नजर मुलाची, मुखवटा पोरीला. हे बरं की वाईट, मला अजून ठरवता आलेलं नाही. तुझं काय म्हणणं आहे ते फोनवर नको, लिहून पाठव.

तुझं भोक केव्हाच बुजलं. खड्याची चमकी कपाटातल्या डब्यात आहे, पाठवत नाही.

बाबांचा गुडघा बरा आहे. कुंदा पाठवलाय, मैत्रिणींना दे, सगळा एकटी खाऊ नको.

दिवाळीला येशील तेव्हा असलाच दुसरा एखादा घेऊन ये. मी कुकर बघायला उठले तर सिनेमा थांबव, आणि मागोमाग आत ये.

तुझी,
मावशी