निळ्या पंपावर दिवस काढणाऱ्या दमेकऱ्यांसाठी आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,
सादर नमस्कार.

सोलापूरच्या पूर्व भागात माझे औषधांचे दुकान आहे. यंत्रमागावर सुताच्या धुळीत पाळी करणारे कामगार आणि घरात तंबाखूचे सूप मांडीवर घेऊन विड्या वळणाऱ्या महिला हे माझे बहुतेक गिऱ्हाईक. त्यांच्यापैकी ज्यांना दमा आहे, त्यांतले अनेकजण दर महिन्याला जुनीच चिठ्ठी पुढे करून श्वासातून औषध ओढायचा निळा पंप (इनहेलर) मागतात, आणि तो मिळाला की पुढचा महिना निभावेल असे समजून निघून जातात.

या पंपातील सालब्युटामॉल आवळलेल्या श्वासनलिका काही मिनिटांत सैल करते, पण नलिकांच्या आतली सूज त्याने कमी होत नाही, आणि दम्याचे मूळ त्या सुजेतच आहे. धाप थांबल्यामुळे माणूस कामावर जातो, आजार मात्र आत वाढत राहतो. अशा एका पंपात साधारण २०० फवारे असतात. वर्षाला तीन किंवा अधिक पंप लागणाऱ्या रुग्णाला तीव्र झटक्याचा, आणि बारा किंवा अधिक लागणाऱ्याला मृत्यूचाही धोका वाढतो, असे दम्यावर जगभर मार्गदर्शन करणारी ‘जिना’ ही संस्था सांगते. प्रौढ व किशोरवयीन रुग्णांना नुसत्या निळ्या पंपावर ठेवू नये, अशी तिची २०१९ पासूनची शिफारस आहे. दरमहा एक म्हणजे वर्षाला बारा. हा हिशेब डॉक्टरांसमोर क्वचितच येतो. तो माझ्या बिलांत दिसतो. जगातील दम्याच्या रुग्णांपैकी सुमारे १३ टक्के भारतात असताना दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी ४० टक्क्यांहून अधिक भारतात होतात, असा २०१९ च्या जागतिक आजारभार अभ्यासाचा अंदाज आहे. या दोन आकड्यांतील तफावत मला अस्वस्थ करते, कारण सूज आटोक्यात ठेवणारे औषध उपलब्ध आहे.

ते औषध म्हणजे श्वासातून घ्यायचे स्टेरॉइड. बुडेसोनाइड हे स्टेरॉइड व श्वासनलिका सैल करणारे फॉर्मोटेरॉल यांचा एकत्रित पंप जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. मात्र तो निळ्या पंपापेक्षा बराच महाग पडतो, आणि हजार विड्यांमागे मजुरी मोजणाऱ्या बाईला, आज धाप नसताना, तो रोज घ्यायला सांगणे अवघड जाते. त्यात ‘पंपाची सवय लागते’ ही भीती घरोघरी आहे. गोळ्यांतील स्टेरॉइड मिलिग्रॅममध्ये मोजतात, पंपातले मायक्रोग्रॅममध्ये, म्हणजे मिलिग्रॅमच्या हजाराव्या भागात. औषध घेतल्यावर चूळ भरली की तोंडातला त्रासही बराच टळतो. हे समजावायला पाच मिनिटे पुरतात, पण ती पाच मिनिटे कुणाच्या कामात धरलेलीच नाहीत.

सर्वांत मोठी चूक झटक्यानंतर होते. रात्री वाफ आणि सुई देऊन रुग्ण सावरतो व पहाटे घरी जातो, आणि पुष्कळदा त्याच्या हातात पुन्हा निळाच पंप असतो. वास्तविक गेल्या वर्षभरात एकदा जरी तीव्र झटका आला असेल, तरी तो पुढच्या झटक्याचा ठळक इशारा असतो. कधीकाळी कृत्रिम श्वासोच्छ्वासावर ठेवावे लागलेला रुग्ण तर कायमच जपण्याजोगा.

१५ ऑगस्ट २०२३ पासून आपल्या खात्याच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले, याचा गरिबांना मोठा आधार आहे. माझी विनंती अशी की, स्टेरॉइडचा पंप आणि स्पेसर (औषध नीट आत जावे म्हणून पंपाला जोडायची नळी) प्रत्येक आरोग्य केंद्रात अखंड मिळावेत, आणि झटक्यानंतर घरी जाणाऱ्या प्रत्येक रुग्णाला ते देऊन आठवड्याच्या आत पुन्हा तपासले जावे. सोलापुरात सिव्हिल हॉस्पिटल वैद्यकीय शिक्षण विभागाकडे, शहरातील दवाखाने महापालिकेकडे आणि ग्रामीण केंद्रे जिल्हा परिषदेकडे असल्यामुळे एकट्या आपल्या खात्याचे परिपत्रक पुरणार नाही. तिघांना बांधणारा एकच आदेश हवा.

त्याच आदेशात, वर्षातला तिसरा निळा पंप मागणाऱ्या रुग्णाला औषधविक्रेत्याने जवळच्या आरोग्य केंद्राकडे पाठवावे, अशी तरतूदही करावी. माझ्या दुकानात ती पाळायला मी तयार आहे. मात्र मी पाठवलेल्या माणसाला तिथे औषध मिळाले पाहिजे.

आपला विश्वासू,
सोलापुरातील एक औषधविक्रेता