ब्रिस्बेनचे ऊन आणि आपली सावळी कातडी

ब्रिस्बेन, जानेवारी

तीर्थरूप बाबांना साष्टांग नमस्कार.

टोपी घरी विसरलेल्या चिन्मयला शाळेने मैदानावर सोडले नाही, सावलीत बसवून ठेवले, हे वाचून तुम्ही विचारलेत की, मग आपल्याकडे वैशाखात शेतात राबणाऱ्यांना काही कसे होत नाही? प्रश्न रास्त आहे. ऊन म्हणाल तर नगरचे एप्रिल-मेमधले ऊन इथल्याहून सौम्य नाही. अतिनील किरणांची तीव्रता सांगणारा निर्देशांक दोन्हीकडे उन्हाळ्यातल्या दुपारी 11 च्या वर जातो. फरक आहे तो कातडीत. ब्रिटन-आयर्लंडच्या ढगाळ हवेतली गोरी कातडी या उन्हात येऊन राहिली, आणि आज इथे वयाच्या सत्तरीपर्यंत तिघांपैकी निदान दोघांना त्वचेचा कोणता ना कोणता कर्करोग होतो. त्यातले बहुतेक वेळीच काढून टाकता येतात. त्यातला मेलॅनोमा हा प्रकार मात्र शरीरात पसरू शकतो आणि जिवावर बेतू शकतो.

म्हणूनच 1981 पासून इथे अंगभर सदरा, सनस्क्रीन आणि टोपी यांचा प्रचार चालू आहे. सावली आणि गॉगल यांची भर पुढे पडली. मला त्याहून उपयोगी वाटते ती त्या निर्देशांकाची सवय. तो 3 किंवा त्याहून जास्त असला की हवा गार असो वा आभाळ भरलेले असो, लोक काळजी घेतात, कारण कातडी भाजते ती उष्णतेने नव्हे, या किरणांनी.

आपल्या कातडीतले मेलॅनिन हे रंगद्रव्य आपले पुष्कळ रक्षण करते, त्यामुळे तुम्ही बांधावर सनस्क्रीन चोपडून जावे असे मी म्हणणार नाही. उपरणे, पूर्ण बाह्या आणि दुपारची सावली पुरे, शिवाय डोळ्यांसाठी गॉगल, कारण मोतीबिंदूलाही हे ऊन हातभार लावते. (ताईला मात्र सांगा की सनस्क्रीन गोरे होण्यासाठी नसते, आणि दुकानदाराने दिलेल्या गोरेपणाच्या मलमात स्टिरॉइड असले तर कातडी पातळ होऊन उन्हाचा त्रास उलट वाढतो.)

सावळ्या लोकांना मेलॅनोमा क्वचितच होतो, पण झाला तर बहुधा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली, जिथे उन्हाचा संबंधच नसतो आणि कोणी पाहतही नाही. गायक बॉब मार्ली वयाच्या 36 व्या वर्षी गेला, त्याचा आजार पायाच्या अंगठ्याच्या नखाखालीच सुरू झाला होता. आपल्याकडे अनेकांच्या नखांवर काळसर रेघा निरुपद्रवीच असतात. एकाच नखावरची, दिवसेंदिवस रुंदावणारी रेघ मात्र दाखवावी, तसाच आकार किंवा रंग बदलणारा डाग आणि महिनाभर न भरलेली जखमही.

आईच्या टाचेवरची ती काळपट जखम दिवाळीपासून भरलेली नाही, असे तुम्हीच लिहिले आहे. ती भेगच असेल, असे मलाही वाटते. तरीही तिला या आठवड्यात त्वचारोगतज्ज्ञांकडे न्यावे आणि ते काय म्हणाले ते मला फोनवर सांगावे.

तुमची,
मीनल