ताई, त्या रात्रीबद्दल

प्रिय ताई,

तू हॉस्टेल सोडून वर्ष झालं, तरी तुझे आभार मानायचे राहूनच गेले. आज सगळ्यांसमोर मानते. आर ही आकडेवारीसाठीची संगणक-भाषा नुकतीच शिकायला घेतलेलं कुणी वाचत असेल, तर त्यालाही उपयोग होईल.

सर्वेक्षणात ज्यांनी वय सांगितलं नव्हतं, त्यांच्यापुढे आम्ही ९९९ लिहिलं होतं. ते काढायला मी फंक्शन, म्हणजे नाव देऊन हवं तेव्हा चालवता येणारा सूचनांचा संच, लिहिलं. ते चाललं, एररही नाही, पण सरासरी काही केल्या बदलेना. रात्री अकराला रडवेली होऊन तुझ्या खोलीत आले. तू माझी भली मोठी फाइल बाजूला ठेवलीस आणि चारच वयं घेतलीस: ३४, ४१, ९९९, २९. सरासरी २७५.७५. मग वहीत दोन चौकोन काढलेस. बाहेरच्यात ‘वय’, आतल्यात ‘अ’. “फंक्शनला वय दिलंस, की आत त्याचं नाव अ. तू अ बदललास. फंक्शन संपलं, अ गेला. बाहेरच्या वयाला कुणी हातच लावलेला नाही.”

मग उत्तर परत ‘वय’मध्येच साठवलं, तर चार आकड्यांच्या जागी एकच एनए, म्हणजे ‘माहिती नाही’ ही आरमधली खूण! तेव्हा माझा धीरच सुटला. तू शांतपणे शेवटची ओळ दाखवलीस. फंक्शन शेवटच्या ओळीची किंमत परत देतं, आणि माझी शेवटची ओळ होती ९९९ च्या जागी एनए ठेवण्याची. तिची किंमत म्हणजे नुसता एनए. खाली फक्त ‘अ’ लिहायला लावलास. मग एनए वगळून सरासरी काढली: ३४.६७. ते पाहून मला केवढं हायसं वाटलं!

दुहेरी बाण (<<-) वापरून आतूनच बाहेरचं वय बदलायचा सोपा मार्ग मला नेटवर सापडला होता. तू तो वापरू दिला नाहीस. “तीन महिन्यांनी वय कुणी बदललं ते शोधत बसशील.” तेव्हा राग आला होता. आता पटतं, अगदी पूर्ण पटतं.

उलटी बाजूही तूच सांगितलीस. आत नाव सापडलं नाही, तर आर ते फंक्शन जिथे लिहिलंय तिथे, म्हणजे बाहेर शोधतं. ऑकलंडमध्ये रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी आर घडवताना ही पद्धत स्कीम या भाषेवरून घेतली. सोयीची आहे, पण कालचं उरलेलं व्हेरिएबल (नाव देऊन साठवलेली किंमत) मुकाट्याने उचललं जातं, म्हणून लागेल ते सगळं आर्ग्युमेंट म्हणून, म्हणजे फंक्शन चालवताना कंसात, द्यायचं.

परवा प्रकल्प जमा करण्याआधी आर बंद केलं आणि रिकाम्या सेशनमध्ये सगळं पहिल्या ओळीपासून चालवलं. एक फंक्शन अडलं. ‘जिल्हा’ द्यायलाच मी विसरले होते. इतके दिवस ते बाहेरचा उचलत होतं, आणि तोही जुना. दोन तक्ते पुन्हा काढले, मगच जमा केलं.

ताई, मनापासून धन्यवाद. ते दोन चौकोन अजून माझ्या वहीत आहेत.

तुझी,
शेजारच्या खोलीतली