डिसेंबरात नको, आत्ता ये

व्हिला नोव्हा द गाया, पोर्तोजवळ, पोर्तुगाल,
जुलै, शुक्रवार रात्र

प्रिय शमे,

हे फोनवर सांगून भागणार नाही. फोनवर तू मध्येच ‘थांब हं, कुकर’ म्हणतेस आणि गोष्ट तिथेच राहते. तब्येती बऱ्या आहेत. माझा गुडघा आहे तसाच, निखिलची साखर आटोक्यात. झालं.

रविवारी खालच्या मजल्यावरच्या आजींनी १९८५ ची व्हिंटेज पोर्ट, म्हणजे त्या एकाच सालची गोड वाईन, उघडली. आपल्या जन्मसालची. पहिला घोट घेतला आणि मला अण्णांचं शोकेस आठवलं. टीव्हीशेजारी ती पोर्टची उभी बाटली, वर माईंनी विणलेला रुमाल. निखिलला मी सांगायला लागले, पण त्याला त्यातलं काय कळणार? त्याने ती बाटली पाहिली नाही, आणि तुझ्या लग्नात आपण न्हाणीघराच्या दारात तिच्यावरून भांडलो तेही नाही. मी म्हणत होते आज उघडू या, तू म्हणालीस अण्णा रिटायर झाल्यावर. मग घर बांधून झाल्यावर. मग गुंड्या परत आल्यावर. शेवटी अण्णांच्या वर्षश्राद्धानंतर उघडली तेव्हा आत काय होतं, ते तू आणि मीच चाखलंय.

त्याचं कारण मला इथे येऊन कळलं. व्हिंटेज पोर्ट आडवी ठेवतात, म्हणजे बूच ओलं राहतं. उभ्या बाटलीचं बूच सुकून आकसतं, हवा आत जाते, आणि वर आपला मडगावचा मे महिना. ती वाईन वर्षानुवर्षं शिजत होती गं. अण्णांची त्यात काहीच चूक नव्हती, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. लिस्बनहून मामांनी आणलेली वस्तू आल्यागेल्याला दिसावी, एवढीच त्यांची हौस.

आजींची गोष्ट वेगळी. त्यांची मुलगी १९८५ ची. त्या सालची वाईन दोन वर्षांनी बाटल्यांत भरली गेली, तेव्हा त्यांच्या नवऱ्याने मुलीसाठी म्हणून घेऊन जिन्याखालच्या ग्रॅनाइटच्या कोनाड्यात आडव्या ठेवल्या. मुलगी आता लक्झेंबर्गला. इथल्या सगळ्या परदेशी गेलेल्यांसारखी ऑगस्टात येते, आणि गोड वाईनला हात लावत नाही. उरल्या होत्या दोन. एक आम्ही रविवारी संपवली. दुसरी आजींनी माझ्या हातात दिली, ‘तुझ्या मैत्रिणीबरोबर’ म्हणाल्या. तुझ्याबद्दल मी त्यांना इतकं सांगितलंय की त्या तुझ्या सासूचीही चौकशी करतात.

आता काळजी ऐक. या दुसऱ्या बाटलीच्या वेष्टनाखालून चिकट, काळपट ओघळ आलाय. एरवी पोर्तोचा उन्हाळा सुसह्य असतो. दुपारनंतर समुद्रावरून नॉर्ताडा, उत्तरेचा वारा, वाहतो आणि संध्याकाळी खांद्यावर काहीतरी घ्यावं लागतं. म्हणून तर दोरू नदीच्या खोऱ्यात वर केलेली पोर्ट पूर्वी होड्यांतून नदीवाटे खाली गायाला आणायचे. वर पाटीच्या दगडाचे डोंगर नुसते तापतात. तिथले लोक म्हणतात, नऊ महिने हिवाळा, तीन महिने नरक. पण यंदा इथेही आतल्या बाजूचा गरम वारा सुटला आणि कोनाड्याच्या भिंतीसुद्धा कोमट लागायला लागल्या. उष्णतेने वाईन फुगते, बुचाच्या कडेने वाट काढते. वाईन बाहेर येते तिथून हवाही आत जाऊ शकते. आतली वाईन अजून चांगली असेल असं मला मनापासून वाटतं, पण डिसेंबरपर्यंत थांबायची माझी तयारी नाही.

आणि जो तो सांगतोय की थांब. कोपऱ्यावरचा दुकानदार म्हणतो, व्हिंटेज ही नाताळची, शेकोटीपुढची. उन्हाळ्यात पांढरी पोर्ट घ्या, टॉनिक, बर्फ, पुदिन्याचं पान. तीही छान लागते, सांजुआंवच्या सणाच्या रात्री सार्डिन मासे भाजत होते तेव्हा मी मजेत प्यायले. (इथेही २३ जूनच्या रात्री सांजुआंव! गोव्यासारख्या विहिरीत उड्या नाहीत, पण प्लॅस्टिकच्या हातोड्या घेऊन एकमेकांच्या डोक्यात हाणतात. तू असतीस तर माझं डोकं फुटलं असतं.) पण शेकोटीची ती सवय इंग्रजांची. त्यांनी शतकानुशतकं ही वाईन नेली, त्यांची घरं थंडगार, त्यांना जेवणानंतर ऊब हवी होती. म्हणून जुन्या बाटलीने उन्हाळाभर वाट बघायची? मला हे पटत नाही. रविवारनंतर तर मुळीच नाही.

रविवारी काय केलं ते सांगते, म्हणजे तुला पटेल. बाटली शुक्रवारपासून स्वयंपाकघरातल्या सगळ्यात गार कोपऱ्यात उभी, गाळ खाली बसावा म्हणून. ही वाईन न गाळता भरतात, त्यामुळे गाळ भरपूर. बुचाचा निम्मा भुगा झाला. आजींनी काचेच्या चंबूवर मलमलचं फडकं धरलं आणि मी एका हाताने हळूहळू ओतलं. माई नारळाचं दूध गाळायच्या तसं, शेवटचा गढूळ भाग मागे ठेवून. मग चंबू गार पाण्याच्या बादलीत. यातच सगळं आहे, शमे. तीस अंशांच्या खोलीत ही वाईन तशीच ओतली तर तिचं वीस टक्के अल्कोहोल नाकात चढतं आणि साखर जिभेवर बसून राहते. फार गार केली तर वास मिटतो. सोळा अंशांच्या आसपास ती बोलायला लागते. फोंड्याला तू दुकानातल्या पोर्टमध्ये बर्फ टाकलास तेव्हा मी तुझ्यावर किती चिडले होते! तू अर्धी बरोबर होतीस. गार हवी. बर्फ मात्र आजही चूकच.

रंग आता काळा-लाल राहिलेला नाही, कडेला विटकरी झालाय. सुकं अंजीर, संत्र्याची साल, चहाची पत्ती असा वास. तरुण व्हिंटेज तोंड आवळते, हिच्यात तो तुरटपणा पार विरघळलेला, ती हलकी झालीय. मग ती थंडीतच का प्यायची? नऊ वाजून गेले तरी उजेड होता, खिडक्या उघड्या, छोट्या ग्लासात दोन-दोन घोट, आणि बरोबर तू पाठवलेले भाजलेले काजू. आजींनी मीठ लावलेले बदाम काढले होते, ते तसेच राहिले. काजू पोर्तुगीजांनीच ब्राझीलहून गोव्यात आणला हे मी सांगितल्यावर त्यांनी आणखी एक मूठ घेतली. इतकी जुनी बाटली उघडली की एक-दोन दिवसांत संपवावी लागते, म्हणून शेजारच्या जोडप्यालाही बोलावलं. एकटीने प्यायची ही वस्तूच नाही.

अण्णांना हे मिळायला हवं होतं. मला राहून राहून तेच वाटतंय, आणि हे तुझ्याशिवाय कुणाला लिहू?

तुझी बदली झाली का? प्रथमेशला सायन्सच घ्यायला लावू नकोस, त्याला चित्रं काढू दे. माईंच्या डोळ्याचं ऑपरेशन लांबवू नका. वन्संशी अबोला संपला असेल तर तेही कळव.

तर, डिसेंबरचं तिकीट बदल. तारखेसाठी पैसे लागले तर अर्धे माझे, यावर वाद नको. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यानंतर मला सुट्टी आहे. सप्टेंबर उजाडला तर द्राक्षांची तोडणीही बघता येईल, पण बाटली तोवर थांबेल असं मी म्हणणार नाही. व्हिसाला लागणारं माझं पत्र सोमवारी मेलने पाठवते. तू पासपोर्टची मुदत आजच बघ, आणि येताना काजू पुन्हा आण, सालासकटचे.

तुझी,
ज्यो