न्हाणीचं पाणी आणि लीड्समधला वाफा

लीड्स,
रविवार, 14 सप्टेंबर 2025

तीर्थरूप आईस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तू दर वेळी विचारतेस, "परसात काय लावलंय म्हणतेस, ते नीट सांग." पण फोनवर पहिली दहा मिनिटं तब्येतीत जातात आणि मग कुणीतरी येतं. म्हणून सगळं कागदावर लिहितेय. छोटीला वाचून दाखवायला सांग. अण्णाही ऐकत बसतील, त्यांना मातीचा भाग आवडेल.

या घरामागे परस आहे म्हणजे फार मोठं समजू नकोस. आपल्या ओसरीएवढी जागा, तिच्यातली अर्धी फरशी. उरलेली माती अशी चिकण, की ओली असताना फावड्याला लोण्यासारखी चिकटते आणि वाळली की पाटा होते. मार्चमध्ये मी तिच्यात पहिल्यांदा कुदळ घातली. शेतकऱ्याची मुलगी असून तोवर मी हाताने एक रोपही लावलं नव्हतं. तुम्ही मला अभ्यासाला बसवायचात आणि रानात दादा जायचा.

खर्च करायचा नाही, हे आधीच ठरवलं होतं. इथल्या बागेच्या दुकानात गेलं की कुंड्या, खतं, हातमोजे, पाट्या, सगळं इतकं सुंदर मांडलेलं असतं की पन्नास पाउंड कुठे गेले ते कळत नाही. मी आधी घरात काय आहे ते पाहिलं. दुधाचे सव्वादोन लिटरचे प्लास्टिकचे डबे आडवे कापले, खालचा भाग रोपांना झाला आणि वरचा थंडीत रोपावर झाकायला. कोपऱ्यावरच्या मासे-बटाट्याच्या दुकानातून दहा लिटरच्या रिकाम्या बादल्या फुकट मिळाल्या. खिळा तापवून त्यांच्या बुडाला भोकं पाडली. एका बांधकामावरून लाकडी पॅलेट, म्हणजे माल ठेवायच्या फळ्यांच्या चौकटी, मागून आणले. त्यांच्यावरचा शिक्का बघून घ्यायचा असतो. "एचटी" असेल तर लाकूड फक्त तापवलेलं असतं, "एमबी" असेल तर विषारी धुरी दिलेली असते, ते घ्यायचं नाही. चार पॅलेट तारेने बांधून खताचा खड्डा केला, म्हणजे खड्डा नाही, पेटीच. भाज्यांची सालं, चहाचा चोथा, अंड्यांची टरफलं आणि फाडलेला पुठ्ठा, सगळं त्यात.

बियाणंही स्वयंपाकघरातूनच काढलं. बियांच्या पाकिटात मेथीचे चिमूटभर दाणे दोन-अडीच पाउंडांना मिळतात. आपल्या किराण्याच्या दुकानातली मेथीची पिशवी तेवढ्यालाच येते आणि वर्षभर फोडणीला पुरून उरते. तीच रात्रभर भिजवली आणि फोकली. चौथ्या दिवशी वाफा हिरवा. आई, मी तो वाफा बघायला सकाळी चहाचा कप घेऊन उघड्या पायाने बाहेर गेले होते, बाहेर सहा अंश असताना. धणे पोळपाटावर लाटण्याने हलके रगडून पेरले, तू करतेस तसेच. पुदिन्याच्या काड्या पेल्यात पाण्यात ठेवल्या, आठवड्यात पांढरी मुळं आली. कपाटात मोड आलेले बटाटे होते ते बादल्यांत लावले. इथली जाणती माणसं म्हणतात की खायचे बटाटे लावू नयेत, रोग येऊ शकतो, प्रमाणित बियाणंच घ्यावं. ते खरं आहे, पण बादलीतली माती बादलीतच राहणार होती, म्हणून मी धाडस केलं.

तू गवार आणि भेंडीचं बी पाठवते म्हणालीस, ते मात्र पाठवू नकोस. वनस्पतींच्या आरोग्याचा सरकारी दाखला असल्याशिवाय भारतातून बी इथे आणू देत नाहीत. भेंडी मी इथलंच बी घेऊन लावून पाहिली. तिला रात्रीचा गारवा सोसत नाही. पाच रोपांना मिळून तीन भेंड्या आल्या.

या वर्षीचा वसंत फार वेगळा गेला. इंग्लंडमध्ये शंभराहून जास्त वर्षांत एवढा कोरडा वसंत झाला नव्हता. एप्रिलमध्ये ऊन बघून मी कोर्जेटची रोपं बाहेर लावून टाकली. कोर्जेट म्हणजे दुधी आणि काकडीच्या मधली भाजी, इथे घरोघरी लावतात. शेजारचे आजोबा कुंपणावरून म्हणाले होते, "मे अर्धा सरू दे, मग लाव." मी ऐकलं नाही. एका रात्री पारा घसरला आणि सकाळी चारही रोपं उकडलेल्या पालकासारखी काळी होऊन पडली होती. मला रडू आलं. इतक्या लहान गोष्टीला रडू येईल असं वाटलं नव्हतं, पण त्या दिवशी अण्णांचा गारपिटीनंतरचा चेहरा आठवला आणि तो पहिल्यांदा समजला.

मग आजोबांनीच त्यांच्याकडची दोन जास्तीची रोपं दिली. आणि रुबार्बचा, म्हणजे आंबट देठांच्या एका भाजीचा, एक गड्डा.

या रुबार्बबद्दल मला तुला सांगायचंच आहे. लीड्सच्या दक्षिणेला वेकफील्ड, मोर्ली आणि रॉथवेल यांच्या मधल्या पट्ट्याला इथे रुबार्बचा त्रिकोण म्हणतात. हिवाळ्यात तिथे अंधाऱ्या लांबलचक छपरांखाली रुबार्ब वाढवतात. उजेड मिळू नये म्हणून मेणबत्तीच्या प्रकाशात तोडणी करतात. अंधारात उजेड शोधत देठ भराभर वर येतात, म्हणून ते कोवळे आणि गुलाबी राहतात. आपल्याकडे लसणाच्या नाहीतर द्राक्षाच्या नावाने गाव ओळखलं जातं तसं हे. या रुबार्बला 2010 साली भौगोलिक संरक्षणही मिळालं. तर परसातल्या त्या गड्ड्याला जूनमध्ये अशी रुंद, हिरवीगार पानं आली की मला थेट न्हाणीमागचं अळूच दिसलं. डाळीचं पीठ भिजवून वड्यांची तयारी केली आणि पानं तोडायला बाहेर गेले. आजोबा कुंपणापलीकडून ओरडले तेव्हा थांबले. रुबार्बची पानं विषारी असतात, आई. खायचा तो फक्त देठ. तोही इतका आंबट की इथे साखर घालून गोडाचं करतात. मी तो चिंचेऐवजी आमटीत घातला. अंबाडीच्या जवळ जाणारी चव लागते. गूळ मात्र थोडा जास्त लागतो.

कोथिंबिरीने जूनमध्ये दगा दिला. वीतभर होते न होते तोच तुरे आले आणि पानं बडीशेपेसारखी बारीक झाली. मला वाटलं पाणी कमी पडलं. नंतर कळलं की इथे जूनमध्ये साडेचारलाच उजाडतं आणि रात्री साडेनऊनंतर दिवस मावळतो. दिवस लांबला की कोथिंबिरीला वाटतं आता बी धरायची वेळ झाली. मग मी ती उपटली नाही. पांढऱ्या फुलांवर माश्या आणि भुंगे येऊ दिले आणि ऑगस्टमध्ये ओंजळभर धणे मिळाले. तेच पुन्हा पेरलेत. आता दिवस लहान होत चाललेत, तर पानं छान रुंद येताहेत.

आता पाण्याचं. हे मला सगळ्यात जास्त सांगायचंय.

धरणं जेमतेम निम्म्याच्या वर राहिली म्हणून 11 जुलैपासून आमच्या यॉर्कशर परगण्यात रबरी नळीने पाणी घालायला बंदी आली. मोडली तर हजार पाउंडांपर्यंत दंड. झारीने घालायला हरकत नव्हती, पण नळाचं पाणी आटत चाललेल्या धरणातून येतंय हे माहीत असताना ते मातीत ओतायला हात धजेना. गल्लीतली माणसं हवालदिल झाली होती. ज्या गावाला पाऊस म्हणजे रोजचाच, तिथे पाणी जपून कसं वापरायचं ते कुणाला फारसं शिकावं लागलं नव्हतं. आणि मी मात्र त्या दिवशी बागेत गेल्यावर पहिल्यांदाच मला काय करायचं ते ठाऊक होतं.

2003 साली टँकर यायचा तेव्हा मी सातवीत होते. एक घागर पाण्याला तू किती कामाला लावायचीस! तांदूळ धुतलेलं तुळशीला. भांडी विसळलेलं शेवग्याला. आंघोळीचं न्हाणीच्या दगडावरून वाहत अळूला आणि केळीला. मला तेव्हा या सगळ्याची लाज वाटायची. पुण्याच्या आत्याकडे पाणी नुसतं मोरीत सोडून देतात, ते मला मोठेपणाचं वाटायचं.

इथे मी तुझंच सगळं केलं. सिंकमध्ये घमेलं ठेवलं. डाळ-तांदळाचं पाणी मेथीला. मुलाच्या आंघोळीचं पाणी बादलीने खाली आणून बुंध्याशी घातलं. साबणाचं असल्यामुळे पालेभाजीवर नाही, फक्त वेलांना. पन्हाळीला पाइप जोडून एक जुनं पिंप लावलं. त्या उन्हाळ्यात पाऊस फार थोडा झाला, पण छपरावरचा दहा मिनिटांचा पाऊसही पिंपात बरंच काही टाकून जातो. कापलेल्या गवताचं वाळवून आच्छादन केलं. आणि अण्णांना सांग, डाळिंबाच्या रोपांशेजारी ते मडकी पुरायचे ना, तेही केलं. जुन्या सामानाच्या दुकानातून मातीच्या दोन कुंड्या एकेका पाउंडाला आणल्या, बुडाचं भोक मेणाने बुजवलं, कोर्जेटच्या आळ्यात गळ्यापर्यंत पुरल्या आणि वर बशी ठेवली. दर दोन-तीन दिवसांनी भरायच्या. पाणी झिरपत राहतं आणि मुळं आपणहून कुंडीकडे जातात. शेजारच्या आजोबांनी हे बघितलं तेव्हा ते कुंपणाशी बराच वेळ उभे राहिले. चाळीस वर्षं बाग करणारा माणूस मला विचारत होता, "हे कुठे शिकलीस?" मी म्हटलं, "माझ्या वडिलांकडून. आमच्याकडे माण नावाचा तालुका आहे." दुसऱ्या दिवशी त्यांच्या टोमॅटोशेजारी तीन कुंड्या पुरलेल्या होत्या.

टोमॅटोचंही एक सांगते. झाडाला बगलेत फूट येते ती खुडून टाकतात. मी ती फूट पेल्यात पाण्यात ठेवली. दहा दिवसांत मुळं, की झालं नवं रोप. दोनाची सात झाली. गोगलगायींनी मेथीचा एक वाफा रातोरात साफ केला. या बिनशंखाच्या असतात. रात्री टॉर्च घेऊन वेचून काढल्या, दुसरा उपाय मला तरी लागू पडला नाही.

सगळा हिशेब वहीत ठेवलाय. 27 पाउंड 40 पेन्स खर्च, म्हणजे साधारण सव्वातीन हजार रुपये. त्यातले निम्म्याहून जास्त पोतंभर मातीचे आणि खताचे. बटाटे सव्वाचार किलो निघाले. पण इथे बटाटे इतके स्वस्त आहेत की त्यात पैसा वाचला असं म्हणता येणार नाही. पैसा वाचला तो मेथीत. दुकानात पाउंडाला एक जुडी, आणि मी अकरा जुड्या कापल्या. तुझे जावई म्हणाले, आता जरा दुसरी भाजी कर.

आणि आता ते, जे फोनवर मुद्दाम सांगितलं नव्हतं. गणपतीच्या दुसऱ्या दिवशी, 28 ऑगस्टला, मी ऋषिपंचमीची भाजी केली. इथे आल्यापासून कधीच केली नव्हती. तू सांगायचीस, त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, हाताने लावलेलंच खायचं. इथे बैल कुणीच जुंपत नाही, तेव्हा दुकानातली कुठलीही भाजी चालली असती. पण मला हाताने लावलेलं, एवढंच हवं होतं. कोर्जेट, बटाटा, शेंगा, कोवळी मेथी, आणि आंबटपणाला जूनमध्ये गोठवून ठेवलेले रुबार्बचे दोन देठ. तेल नाही, फोडणी नाही. मीठ आणि दोन हिरव्या मिरच्या, त्यांचं झाड खिडकीत आहे. अळू नव्हतं, सुरण नव्हतं, मक्याचं कणीसही नव्हतं. पण झाकण काढल्यावर वास आला तो आपल्या घरचा होता. मुलाने दोनदा मागून घेतली. एक वाटी कुंपणावरून पलीकडेही दिली.

शेंगांचं सांगायचं राहिलं. रनर बीन म्हणतात त्यांना, काठीवर चढणारा घेवडा, लालभडक फुलांचा. जुलैच्या उन्हात बरीचशी फुलं गळली, तरी थोड्या शेंगा धरल्या. चार शेंगा मी वेलावरच वाळू दिल्या. काल त्या सोलल्या तर आत जांभळ्या-गुलाबी बिया, त्यांवर काळे पट्टे. कोरेगावकडचा वाघ्या घेवडा आठवला, त्याचीच लांबची बहीण असावी. तेवीस बिया निघाल्या आहेत. पुढच्या मेपर्यंत त्या टिकवायच्यात. तू उतरंडीच्या मडक्यात बी राखेत घोळवून ठेवायचीस, ते किती राखेला किती बी? आणि आधी ऊन किती दिवस द्यायचं? इथलं ऊन पातळ आहे. कडुनिंबाचा पाला मिळणार नाही, आणि चूल नसल्यामुळे राख शेजारच्या आजोबांच्या शेगडीतलीच आणावी लागेल, ओक आणि बर्चच्या लाकडाची. ती चालेल का, तेवढं अण्णांना विचारून कळव.

वहिनीला नमस्कार, छोटीला आशीर्वाद. अण्णांना शि. सा. नमस्कार.

तुझी
धाकटी