"वर्ष दीड वर्ष लागेल" असं तोंडावर सांगणाऱ्या माझ्या फिजिओ मॅडमना

नमस्कार मॅडम,

तुमचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, तुम्हाला ते आवडायचं नाही. पण मागच्या आठवड्यात शाळेत मी फळ्यावर अगदी वरच्या ओळीत स्वतःच्या हाताने तारीख आणि सुविचार लिहिला आणि वर्गातली एक मुलगी म्हणाली, बाई आज तुम्ही लिहिलंत! गेलं वर्षभर ते काम मुलंच करत होती, स्टुलावर चढून. तेव्हाच ठरवलं की हे पत्र लिहायचंच, आणि उघड लिहायचं, म्हणजे माझ्यासारखी खांदा धरून बसलेली अजून कुणी असेल तर तिच्याही उपयोगी पडेल.

खांदेदुखीची सुरुवात श्रावणात झाली, कारण काहीच नाही. पडले नाही, लचक भरली नाही, रात्री उजव्या कुशीवर वळलं की कळ यायची एवढंच. मी म्हटलं जाईल. दिवाळीच्या साफसफाईनंतर मात्र हात मागे जाईना. ब्लाउजचे हुक आमचे हे लावून द्यायला लागले, वेणी लेक घालून द्यायची, लोकलमध्ये वरची कडी धरायचा प्रश्नच नव्हता. मग जो जे सांगेल ते करत गेले. मालिशवाल्या मावशी आल्या, कोमट तेलाने त्या तासाभरात इतकं बरं वाटायचं की मी तिथेच पेंगायचे, पण रात्री दोनला परत तीच कळ. मग कुणीतरी हाडवैद्यांकडे नेलं, ते म्हणाले खांदा सरकलाय, एका झटक्यात बसवतो. त्यांनी झटका दिला आणि मी तीन रात्री खुर्चीत बसून काढल्या. त्यानंतर एका सेंटरला दहा सिटिंगचं पॅकेज घेतलं, रोज वीस मिनिटं मशीनच्या पट्ट्या लावून पडून राहायचं, मग जेल लावून ते अल्ट्रासाऊंड फिरवायचं. दहा दिवसांत एकदाही कुणी माझा हात उचलून बघितला नाही. लेक म्हणत होती कायरोप्रॅक्टरकडे, म्हणजे हाताने झटके देऊन मणके मोकळे करणाऱ्यांकडे जाऊ, तिने मान कडकड वाजवतानाचे व्हिडिओ बघितले होते. प्रत्येकाचं बोलणं एकच, चार दिवसांत मोकळं होईल, आठ दिवसांत होईल. आणि झालं नाही की मला वाटायचं माझंच काहीतरी चुकतंय.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला समोरच्या बाईच्या कपाळाला बोट लावायला हात वर गेला नाही. त्यांनीच मान खाली केली. त्या रात्री खूप रडले आणि दुसऱ्या दिवशी ऑर्थोपेडिक डॉक्टर गाठले. एक्सरे नॉर्मल आला आणि त्यांनी तुमच्याकडे पाठवलं.

तुम्ही पहिली वीस पंचवीस मिनिटं नुसतं विचारत होतात. शुगर किती वर्षांपासून, शेवटचा रिपोर्ट कधीचा, थायरॉईड तपासलंय का, रात्री दुखतं की हलवल्यावर, मुंग्या येतात का, वजन कमी झालंय का, ताप येतो का. मग कोपर कमरेला चिकटवून हात बाहेर न्यायला सांगितलात, दार उघडल्यासारखा. तो जरासाच गेला. मग म्हणालात आता सैल सोडा, मी नेते, आणि तुम्ही नेलात तरी तिथेच अडला, जसं आतून कुणी कडी लावलीय. तिथेच तुम्ही सांगितलंत की स्नायूची दोरी तुटली असती तर सहसा मी नेल्यावर हात गेला असता, इथे माझ्या हातानेही जात नाही आणि एक्सरे स्वच्छ आहे, म्हणजे सांध्याभोवतीची पिशवीच आवळलीय, हा फ्रोझन शोल्डर आहे, डायबेटीसवाल्यांना जास्त होतो, आणि काहीही सरकलेलं नाहीये तर बसवणार काय.

आणि मग तुम्ही वेळ सांगितलीत. आधी दुखण्याचा काळ, मग आखडल्याचा, मग हळूहळू सुटण्याचा, सगळं मिळून वर्ष दीड वर्ष तरी धरा, काहींना तीनसुद्धा लागतात. माझा चेहरा पडला असणार, पण खरं सांगते, सहा महिन्यांत पहिल्यांदा मला त्या रात्री शांत वाटलं. कारण आता कळलं होतं की मी चुकत नव्हते, आजारच एवढा वेळ घेतो.

दुसरी गोष्ट म्हणजे तुम्ही मला पहिल्याच दिवशी परत पाठवलंत. हो, परत. म्हणालात, आत्ता दुखणं इतकं आहे की मी ताणलं तर हाडवैद्यांसारखंच होईल, आधी ऑर्थोंकडून सांध्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन घ्या, शुगर काही दिवस वर जाईल, रोज तपासा आणि तुमच्या डायबेटीसच्या डॉक्टरांना आधी विचारा. स्वतःचं सिटिंग सोडून दुसऱ्याकडे पाठवणारं तोवर मला कुणी भेटलं नव्हतं. शुगर वर गेली, चौथ्या दिवशी खाली आली, आणि दोन आठवड्यांत मी कुशीवर झोपायला लागले.

मग तुमच्या हातांचं काम सुरू झालं. मला वाटलं होतं आता जोर लावणार, तर तुम्ही खांद्याच्या गोळ्यावर अंगठे ठेवून इतकंसं हलवत होतात, पाळणा हलवावा तसं. दुखणं असताना बारीक आणि हळू, ताठरपणा उरला की खोल आणि शेवटपर्यंत, असं तुम्ही समजावलंत, याच्या पायऱ्या ऑस्ट्रेलियातल्या मेटलंड नावाच्या फिजिओंनी बांधून दिल्यात म्हणे. हेच मला कुणी आधी सांगितलं असतं तर! मी सारखी विचारत होते मालिश चांगली की मशीन चांगलं की कायरो चांगला, आणि तुम्ही दर वेळी उलटं विचारायचात, दुखतंय कुठे, काय दुखतंय आणि कितव्या महिन्यात आहे? मालिशला तुम्ही कधी नावं ठेवली नाहीत. मान आणि पाठीचे स्नायू खांद्याच्या वाट्याचं काम करून दगड झालेत, तिथे मावशींना जरूर बोलवा, खांद्याला मात्र ओढू देऊ नका, म्हणालात. शेक घ्या, व्यायामाच्या आधी घेतलात तर हात सैल होतो. मशीनने थोडा वेळ बरं वाटेल, पण पिशवी त्याने सुटत नाही. कायरोप्रॅक्टिकचं लेकीलाच बसवून समजावलंत, ते मुख्यतः मणक्याचं काम, कंबरदुखीत काहींना त्याने आराम पडतो, पण तो कडक आवाज हाड बसल्याचा नसतो, सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी होते त्याचा असतो, आणि हाडं ठिसूळ असतील तर तसल्या झटक्यांच्या वाटेला जायचंच नाही. तिने ऑपरेशनचंही विचारलं तेव्हा तुम्ही ब्रिटनमधला 2020 सालचा अभ्यास सांगितलात, 503 पेशंट, काहींना इंजेक्शन आणि फिजिओ, काहींचा खांदा भूल देऊन मोकळा केला, काहींची दुर्बिणीतून शस्त्रक्रिया, आणि वर्षाने बघितलं तर तिघांत मोठा म्हणावा असा फरक नाही. मग म्हणालात, सहा महिने मनापासून करूया, नाहीच सुटला तर मीच सर्जनकडे पाठवेन.

घरचे व्यायाम तर अजून चालू आहेत. टेबलाला डावा हात टेकून वाकायचं आणि उजवा हात लंबकासारखा सोडायचा. पाठीवर झोपून दोन्ही हातांत छत्री आडवी धरायची आणि चांगल्या हाताने दुखरा हात बाहेर ढकलायचा. भिंतीवर बोटांनी चढायचं. त्या भिंतीवर, बेडरूमच्या दारामागे, पेन्सिलच्या रेघा आणि शेजारी तारखा आहेत, फेब्रुवारीतली माझ्या हनुवटीच्या उंचीला आहे. एप्रिल आणि मे मध्ये तीन रेघा जवळजवळ एकमेकींवरच आल्यात, तेव्हा मी सोडून देणार होते. तुम्ही फोटो मागवून घेतलात आणि म्हणालात, उंची दिसत नाहीये पण आता दुखतं किती ते सांगा. खरंच, दुखत नव्हतं. नुसतं अडत होतं. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा फळ्याच्या मध्यापर्यंत हात जात होता, गणपतीत आरतीचं ताट दोन्ही हातांनी धरलं, आणि आता मार्गशीर्षातल्या गुरुवारी हुक मी स्वतः लावले. सगळ्यात वरचा अजून नाही लागत.

पैशांचंही लिहिते, कारण लोक बोलत नाहीत. आठवड्यातून दोनदा येत होते ते मार्चनंतर तुम्हीच एकदा केलंत, मग पंधरा दिवसांनी, आणि ऑगस्टमध्ये म्हणालात आता नका येऊ, घरी करा, अडलं तर फोन करा. पॅकेज कधी विकलं नाहीत. माझ्या पगारात ह्याचा किती आधार होता ते मी तुम्हाला तोंडाने सांगू शकले नव्हते.

तुम्ही माझ्या लेकीच्या वयाच्या. तरी कधी "मावशी, घाबरू नका" असं म्हणून वेळ मारून नेली नाहीत, जे आहे ते सांगितलंत. त्याबद्दल मनापासून आभार.

आणि एक सांगायचं राहिलं. गेल्या आठ दिवसांपासून डावा खांदा रात्री ठणकतोय. तुम्ही म्हणाला होतात की काहींना दुसऱ्या बाजूलाही होतो, म्हणून ह्या वेळी मालिश नाही, झटका नाही, कुणालाच हात लावू दिलेला नाही. शनिवारी शाळा सुटली की साडेपाचला येते, शुगरचा नवा रिपोर्ट घेऊन.

तुमची,
उजव्या खांद्यावाल्या बाई